जुन्या गाडीचं ब्रेक ऑईल कमी होतंय, ब्रेक वाजतायत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला पॅड दोन्हीकडून दाबतात), मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला शू आतून दाबतात) आणि अंगावर दहा-पंधरा वर्षांचं रनिंग, अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. मारुती ८००, झेन, जुनी वॅगन आर, सँट्रो, इंडिका, सुमो, बोलेरो वगैरे. चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीला यातलं बरंचसं लागू पडेल, सगळं नाही.

ब्रेक ऑईल वापरून वापरून संपतं का?

नाही. ते जळत नाही, उडून जात नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या बरणीतली पातळी खाली आली तर कारणं दोनच: एक तर पुढचे पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय.

पहिलं कारण पुष्कळांना ठाऊक नसतं. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन तेवढाच बाहेर सरकून राहतो आणि त्याच्यामागची जागा ऑईलने भरते. हिशेब करून बघा. पिस्टन ५० मि.मी. व्यासाचा धरला आणि दोन्ही पॅड मिळून १४ मि.मी. झिजले, तर एका चाकात साधारण २७ मि.ली. ऑईल जास्तीचं जाऊन बसतं. दोन चाकांचं ५५ मि.ली. छोट्या गाडीची बरणी एवढ्यात ‘मॅक्स’वरून ‘मिन’च्या आसपास येऊ शकते. पण याला हजारो किलोमीटर लागतात. महिन्याभरात पातळी बोटभर उतरली तर झिजेला दोष देऊ नका, ती गळतीच आहे.

मग टॉप-अप करू की नको?

पातळी ‘मिन’च्या खाली असेल तर ‘मिन’च्या थोडं वर येईल इतपत घाला, कारण आत हवा शिरली तर काम वाढतं. त्यापुढे मात्र शोध घेतल्याशिवाय घालू नका. दर सर्व्हिसला ‘थोडं कमी होतं, भरून दिलं’ एवढंच सांगून गाडी परत देणारं गॅरेज तुमचं काम करत नाहीये, दुखणं झाकतंय. शिवाय झिजलेल्या पॅडवर बरणी काठोकाठ भरली, की नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबल्यावर ते सगळं ऑईल झाकणातून बाहेर येतं आणि खालचा रंग उचलतं.

झीज आहे की गळती, हे घरी कसं ओळखायचं?

गाडी सपाट जागी उभी करा. बरणीच्या बाहेरून आजच्या पातळीवर मार्कर पेनने बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. नेहमीसारखी गाडी चालवा आणि दर आठवड्याला त्याच जागी, इंजिन थंड असताना बघा. रात्री चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि इंजिनच्या मागच्या भागाखाली जुनं खोक्याचं पुठ्ठं सरकवून ठेवा. फरशीवर न दिसणारा थेंब पुठ्ठ्यावर दिसतो.

दुसरी परीक्षा पेडलची. इंजिन बंद असताना चार-पाचदा पेडल मारा म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. आता पाय घट्ट दाबून मिनिटभर धरा. पेडल जिथल्या तिथे राहिलं पाहिजे. पाय दाबलेला असतानाच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं तर बूस्टर ठीक आहे. तसंच खाली खाली बसत गेलं तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा, ऑईल चाकांकडे ढकलणारा पंप) आतून पास होतोय, म्हणजे दाब न धरता ऑईल मागे सोडतोय.

गळती नेमकी कुठून होते ते कसं शोधायचं?

जुन्या गाडीत मी आधी मागच्या चाकांकडे जातो. शू बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर ड्रमच्या आत लपलेला असतो, त्यामुळे त्याची गळती बाहेर दिसेपर्यंत लायनर (शूवरचे घासणारे थर) भिजून गेलेले असतात. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा आणि ड्रम काढा. ड्रम निघत नसेल तर त्याला दोन आटे पाडलेली भोकं असतात का बघा. त्यात बोल्ट आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोडीने कड तोडायची गरज नसते. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती भुकटी छातीत जायला नको. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या दिसतील. बारीक स्क्रू ड्रायव्हरने एका टोपीची कड हळूच उचला. आत कोरडं, फार तर किंचित ओलसर असेल तर चालेल. टोपी उचलल्याबरोबर थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. टोपीच्या आत काळा चिखल असेल तर तो सिलिंडरमधला रबरी कप झिजून निघालेलं रबर आणि ऑईल यांचा लगदा आहे. आज थेंब पडत नसला तरी सिलिंडर बदलायचाच. दुसरी बाजूही बघा, कारण दोघांचं वय एकच असतं.

मागचं कोरडं निघालं तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जिथे जुळतात तो सांधा बघा. त्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. ओलसर लागलं, किंवा त्याखाली बूस्टरचा काळा रंग फुगून पापुद्रे आले असतील, तर मास्टरचा मागचा सील गेलाय. ब्रेक ऑईल रंग खातं, त्यामुळे रंगाचे पापुद्रे हा जुन्या गळतीचा चांगला पुरावा असतो. आत केबिनमध्ये पेडलच्या वरून जाजमावर काही ओघळलंय का, तेही बघून घ्या.

मग होज पाईप, म्हणजे चाकाकडे जाणारी लवचिक रबरी नळी. चाक पूर्ण वळवून रबर दोन बोटांत वाकवा. भेगा, फुगवटा, टोकाच्या लोखंडी टोपीपाशी (फेरूलपाशी) ओल, यांपैकी काहीही दिसलं तर बदला.

लोखंडी नळ्यांची खरी परीक्षा किनाऱ्यावरच्या गाडीत होते. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा मुंबईत समुद्राजवळ वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत नळी उघड्यावर चांगली दिसते आणि क्लिपच्या खाली कुजलेली असते, कारण ओल आणि मीठ तिथेच साचून राहतं. क्लिप उघडून नखाने खरवडा. नुसता तांबूस थर निघाला तर ठीक, खड्डे लागले तर नळी बदला. गळक्या जागी ब्रेझिंग करून किंवा रबरी नळीचा तुकडा क्लॅम्पने आवळून दिलेली दुरुस्ती कोणी ‘चालतंय की’ म्हणून गळ्यात मारली तर गाडी तिथून हलवू नका. जोरात ब्रेक मारल्यावर त्या नळीत कित्येक डझन बार दाब येतो.

पुढचे कॅलिपर शेवटी. पिस्टनभोवतीचा रबरी बूट फाटला असेल तर पाणी आत जाऊन पिस्टन गंजतो आणि मग सील कापतो. बाकी राहिलं ब्लीडिंग निप्पल, म्हणजे चाकापाशी हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, आणि काही गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ असलेला, भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह. तो चिखलात राहतो आणि बघायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

खाली एक थेंब नाही, चाकं कोरडी, तरी पातळी उतरतेय. हे कसं?

ऑईल बूस्टरमध्ये जात असणार. मास्टरच्या मागच्या सीलमधून सुटलेलं ऑईल बाहेर न पडता थेट बूस्टरच्या डब्यात उतरतं. आत व्हॅक्यूम असल्यामुळे ते ओढलंही जातं. डबा मोठा आहे, त्यात बरणीभर ऑईल सहज मावतं, म्हणून फरशी कोरडी राहते.

पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून येतो. ऑईल त्या पाईपने इंजिनात गेलं की सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि आयडलिंग बिघडतं. लोक हेड गॅस्केटवर खर्च करून बसतात. डिझेल गाडीत वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, अनेक जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. तिथे हे ऑईल इंजिन ऑईलमध्ये मिसळू शकतं.

तपासायचं असं: इंजिन बंद करा, पेडल मारून व्हॅक्यूम संपवा, बूस्टरवरचा जाड व्हॅक्यूम पाईप काढा आणि त्याच्या तोंडात पांढरं फडकं फिरवा. ओलं निघालं तर निकाल लागला. नक्की करायचं असेल तर मास्टरचे दोन नट सोडून, नळ्या न काढता, तो जेमतेम पुढे ओढता येतो का बघा आणि मागे टॉर्च मारा. मास्टर बदलताना बूस्टरमध्ये साचलेलं ऑईल काढून घ्यायला सांगा. ते तसंच राहिलं तर आतला रबरी पडदा खराब होतो आणि काही महिन्यांनी पेडल दगडासारखं कडक लागायला लागतं.

मागच्या टायरची आतली बाजू ओली आहे. हे ब्रेक ऑईलच कशावरून?

काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि ते ओघळ कापसावर टिपून त्यात बुडवा. ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं. इंजिन ऑईल, गिअर ऑईल आणि ग्रीस तरंगतात. सुमो, बोलेरोसारख्या मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत ॲक्सलचा सील गेला की डिफरन्शिअलचं ऑईल ड्रममध्ये येतं. त्याला उग्र, गंधकासारखा वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. तसं असेल तर व्हील सिलिंडर बदलून उपयोग नाही.

ऑईल कमी होत नाही, पण सिग्नलला उभं असताना पेडल हळूहळू खाली बसतं.

मास्टर सिलिंडर आतून पास होतोय. आतल्या रबरी कपवरून ऑईल परत बरणीत जातं, म्हणून पातळी तशीच राहते. जोरात मारला तर ब्रेक लागतो, हलक्या पायाने धरला तर बसतो, ही याची खूण. ‘ऑईल तर पूर्ण आहे’ म्हणून हा दोष बरेच दिवस अंगावर काढला जातो. काढू नका.

पहिल्या पंपाला पेडल खाली, दुसऱ्या-तिसऱ्याला वर येतं. हवा गेलीय का?

असू शकते, पण आधी मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट बघा. लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले की पहिला पंप ते अंतर भरण्यातच जातो. हवा असेल तर पेडल स्पंजासारखं दबतं. ॲडजस्टमेंट गेलं असेल तर खोल जातं, पण तळाशी कडक लागतं. हँडब्रेकचे दात नेहमीपेक्षा जास्त चढत असतील तर संशय पक्का.

गाडी चालवत गॅरेजला नेली तर चालेल?

पेडल कडक आहे आणि पातळी ‘मिन’च्या वर आहे, तर सावकाश, अंतर ठेवून न्या. पेडल खाली जातंय, दिवा लागलाय किंवा चाकाजवळ ताजी ओल आहे, तर टो करा. या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र सर्किट असतात, त्यामुळे एक फुटलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत ते बहुधा कर्णरेषेत, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं असं वाटलेलं असतं. पण अर्ध्या ब्रेकवर थांबायला लागणारं अंतर कितीतरी वाढतं आणि समोरच्या रिक्षावाल्याला ते माहीत नसतं.

डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक आणि ऑईलची पातळी अशा दोन्हींचा असतो. हँडब्रेक सोडूनही, विशेषतः वळणावर किंवा ब्रेक मारताना तो लुकलुकला, तर बरणी उघडून बघा. अगदी जुन्या मॉडेलमध्ये पातळीचा सेन्सरच नसतो, तेव्हा दिव्याच्या भरवशावर राहू नका.

आवाज येतो, पण कसला ते सांगता येत नाही. मेकॅनिकला काय सांगू?

‘ब्रेक वाजतात’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. तीन गोष्टी टिपून ठेवा: आवाज ब्रेक मारल्यावर येतो की न मारता, पुढून येतो की मागून, थंड गाडीत येतो की तापल्यावर. भिंतीच्या कडेने, काचा खाली करून, सावकाश गाडी चालवली की आवाज परतून येतो आणि बाजू कळते. सोसायटीची कंपाउंड वॉल यासाठी उत्तम.

गाडी चालताना बारीक चीं-चीं आणि ब्रेकवर पाय ठेवला की बंद: पॅड संपत आल्याची सूचना देणारी पत्र्याची जीभ डिस्कला टेकलीय, किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये सैल नाचतोय. पॅडचं मटेरियल ३ मि.मी.वर आलं की बदला, पत्र्याच्या आवाजाची वाट बघू नका. स्वस्तातल्या पॅडना ही जीभच नसते.

हलका ब्रेक मारताना कर्कश किंकाळी आणि जोरात मारल्यावर गप्प: पॅड चकचकीत झालेत, मागचे शिम (पॅडमागचे पातळ पत्रे) टाकून दिलेत किंवा पॅडचे कान जिथे सरकतात तिथे ग्रीस नाही. हा आवाज ऐकवत नाही, पण धोक्याचा बहुधा नसतो. पॅड बदलताना जुने शिम आणि क्लिपा भंगारात गेल्या की हमखास सुरू होतो. पॅडच्या तोंडावर पॉलिश पेपर मारून चार दिवस शांतता मिळते, तेवढीच.

घर्र-घर्र, लोखंड घासल्यासारखं, आणि पायालाही जाणवतं: पॅड संपून मागचा पत्रा डिस्कवर घासतोय. गाडी थांबवा. यापुढचं प्रत्येक किलोमीटर डिस्कच्या खर्चात जातं. डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आणि ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा बहुधा ओतलेला असतो. लेथवर टर्निंग करून घेण्याआधी तो वाचा. टर्निंगनंतर माप त्या आकड्याच्या पलीकडे जाणार असेल तर टर्निंगचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

पुढे-मागे घेताना एकदाच ‘टक्’: पॅड ब्रॅकेटमध्ये सरकतो, किंवा कॅलिपरची पिन झिजलीय. हाच आवाज लोअर आर्मच्या बुशचाही असतो, म्हणून दोन्ही तपासा.

मागून, गाडी थांबता थांबता चर्र: ड्रममध्ये साचलेली धूळ, किंवा शूचा स्प्रिंग तुटून शू तिरका बसलाय. ड्रम खोलल्याशिवाय सांगता येत नाही.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं, वळणावर बदलणारी आणि ब्रेकशी संबंध नसलेली: व्हील बेअरिंग.

अचानक, काहीही बिघडलेलं नसताना, पत्रा किसल्यासारखा भयंकर आवाज: नव्याने खडी टाकलेल्या रस्त्यावरून आला असाल तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलाय. थोडी रिव्हर्स घ्या, पुष्कळदा पडून जातो.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर येते.

रात्रीत डिस्कवर चढलेला गंज आहे. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल. दहा मिनिटांनीही राहिला तर तो गंज नव्हे.

ऑईलही कमी होतंय आणि आवाजही येतोय. दोन वेगळे बिघाड का?

बहुधा एकच असतो. आवाज पुढून, घासल्यासारखा असेल तर पॅड संपलेत, आणि पातळीही त्यांच्याच पायी उतरलीय. पॅड बदला, पिस्टन मागे गेला की पातळी आपोआप वर येते. आवाज मागून असेल, एक चाक ओल्या रस्त्यावर पटकन जाम होत असेल किंवा गाडी ब्रेकला एका बाजूला ओढत असेल, तर व्हील सिलिंडर गळून लायनर भिजलेत. थोडं भिजलेलं लायनर घसरत नाही, उलट कच्चकन पकडतं. पूर्ण भिजलं की मग अजिबात पकडत नाही. मधल्या टप्प्यात ‘आता ब्रेक चांगले लागतायत’ असं वाटून फसगत होते.

लायनर भिजलेत. पेट्रोलने धुऊन, जाळून परत लावू का?

नको. हा प्रकार अजून चालतो, पेट्रोल टाकून काडी लावली की वरवर कोरडं दिसतं. आत मुरलेलं ऑईल चाक तापलं की पुन्हा बाहेर येतं, शिवाय शूला चिकटवलेलं लायनर सैल होतं. दोन्ही बाजूंचे शू एकदम बदला. मागच्या एका चाकाला नवे आणि दुसऱ्याला जुने लावले तर गाडी ओढणारच.

व्हील सिलिंडरला नुसतं किट टाकू की पूर्ण सिलिंडर बदलू?

पूर्ण बदला. किट म्हणजे आतले रबरी कप. जुन्या गाडीत कप फाटण्याचं कारण बहुधा बोअरमधला गंज असतो, आणि त्या खड्ड्यांवर नवा कपही काही महिन्यांत फाटतो. बोअर आरशासारखा स्वच्छ असेल तर किट चालेल. पंधरा वर्षांच्या गाडीत असा बोअर क्वचित मिळतो. मास्टरच्या बाबतीत तर माझं मत आणखी ठाम आहे: किट नाहीच. नकली पार्ट भरपूर आहेत, तेव्हा ओळखीच्या दुकानातून, बिलासकट घ्या.

एक चाक तापतं, जळका वास येतो.

ब्रेक सुटत नाहीये. चाक उचलून फिरवून बघा. जड असेल तर त्या चाकाचं निप्पल थोडं सोडा. ऑईल चिळकांडीने बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकून राहत होता: होज पाईप आतून सुजून बंद झालाय किंवा मास्टर परत येत नाहीये. तरीही चाक जडच राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्यात. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून बंद असू शकतो, हे बऱ्याच मेकॅनिकनाही पटवून द्यावं लागतं.

कोणतं ऑईल घालायचं? डॉट ३, डॉट ४, डॉट ५?

बरणीच्या झाकणावर लिहिलेलं. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, उलट करू नका. हे आकडे म्हणजे दर्जा, आणि तो मुख्यतः उकळण्याच्या तापमानावरून ठरतो. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पण ही ऑईल्स हवेतून ओल शोषतात, आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हीच तापमानं १४० आणि १५५ वर येतात. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळत नाही. त्याच्या वाटेला जाऊ नका. डॉट ५.१ ही वेगळी चीज, ती डॉट ४ च्याच जातकुळीतली.

चुकून बरणीत इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंग ऑईल गेलं.

इंजिन सुरू करू नका, पेडलला पाय लावू नका. खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं. लगेच लक्षात आलं तर बरणी काढून धुऊन निभावतं. पेडल मारून ते आत गेलं असेल तर मास्टर, होज, कॅलिपरचे सील, व्हील सिलिंडर, सगळं रबर बदलून नळ्या धुवाव्या लागतात. सेकंडहँड गाडी घेताना बरणीच्या झाकणातलं रबर बघा: फुगून लाटा आल्या असतील तर हे आधी घडून गेलंय.

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा (एअर) घरी काढता येते का?

दोन माणसं असतील तर येते. ८ किंवा १० नंबरचा रिंग पाना, निप्पलवर बसणारी पारदर्शक नळी आणि तळाशी ब्रेक ऑईल असलेली बाटली लागते. सहसा मास्टरपासून लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत मागचं डावं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा. आतला माणूस दाबून धरतो, बाहेरचा निप्पल सोडतो, आवळतो, मगच आतल्याने पाय उचलायचा. निप्पल उघडं असताना पाय उचलला की केलेलं सगळं पाण्यात. बरणी मध्ये रिकामी होऊ देऊ नका.

जुन्या गाडीसाठी एक खास खबरदारी: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टरचे कप बोअरच्या एका ठरावीक भागातच फिरतात. पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, खडबडीत असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत मारलं की कप त्या खडबडीत भागावर जाऊन फाटतात, आणि ‘एअर काढली आणि मास्टर गेला’ ही तक्रार तिथून येते. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर हे काम स्कॅनर असलेल्या गॅरेजला द्या.

घाट उतरताना पेडल एकदम खाली गेलं, खाली पोचल्यावर ठीक झालं. ऑईल तर कमी नाही.

ऑईल उकळलं होतं. ओल शोषलेलं जुनं ऑईल आंबोली किंवा वरंधासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक धरून तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल रिकामं जातं. थंड झालं की बुडबुडे विरतात आणि पुरावा नाहीसा होतो. गाडी खाली आल्यावर ‘आता चांगली आहे’ म्हणून सोडू नका, ऑईल बदला. ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा, हा ड्रायव्हर मंडळींचा नियम यासाठीच आहे.

प्रत्यक्ष त्या क्षणी: पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो थोडा थोडा ओढा, हॉर्न चालू ठेवा आणि गाडी डोंगराच्या अंगाला घ्या. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

आम्ही परदेशी असतो, गाडी पुण्याला सोसायटीत वर्षभर उभी असते. आल्यावर काय बघू?

निघताना हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे शू ड्रमला चिकटलेले असतील. पहिल्यांदा हलवताना ‘कडक्’ आवाज येऊन सुटले तर खूश होऊ नका, लायनर शूपासून उखडून ड्रममध्ये पडलेलं असू शकतं. ड्रम खोलून बघा. व्हील सिलिंडरचे पिस्टनही उभ्या गाडीतच जास्त गंजतात. पुढच्या वेळी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून जा.

पंधरा वर्षं झाली, आरटीओत फिटनेसला ब्रेक बघतात का?

हो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि ती पुढे पाच वर्षांसाठी मिळते. तपासणीत ब्रेक हा मुख्य मुद्दा असतो. एका ॲक्सलच्या दोन चाकांत मोठा फरक पडला तर गाडी परत पाठवतात, तेव्हा आदल्या दिवशी नव्हे तर पंधरा दिवस आधी काम उरका, म्हणजे नवे लायनर ड्रमला बसतील.

उरलेली अर्धी बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू?

घट्ट झाकण लावून फार तर काही आठवडे. पावसाळ्यात उघडून ठेवलेली असेल तर तेवढीही नको. मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका, ते विषारी असतं. उरलेलं गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्या, मात्र जुन्या इंजिन ऑईलच्या पिंपात न मिसळता वेगळ्या डब्यात घ्यायला सांगा. गाडीच्या बॉनेटवर सांडलं तर फडक्याने पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.